‘केलं’ आणि ‘करत होते’ : लेकरांच्या इंग्रजीत आईचा वाटा

घाटनांदूरहून तुमची बचत गटाची ताई बोलतेय. हातातलं काम खाली ठेवायची गरज नाही. शेंगा निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा. फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा, कारण आज मी बोलणार आहे इंग्रजीवर.

इंग्रजी म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या जणी उठून जातात. गटाच्या बैठकांत फिरताना मी हेच ऐकते. “ताई, लेकरू इंग्रजीची वही घेऊन बसतं, आम्ही नुसतं बघत बसतो. बरोबर का चूक, काय कळतंय आम्हाला?” ज्या माउलीला सहाशे रुपयांच्या हप्त्यात व्याज किती नि मुद्दल किती हे तोंडी सांगता येतं, ती लेकीच्या वहीसमोर गप्प होते. मला ते पटत नाही. लेकरांच्या इंग्रजीतला एक भाग असा आहे, की त्यात बरोबर काय नि चूक काय हे इंग्रजीचं अक्षर न येणारी आईसुद्धा सांगू शकते. तो भाग म्हणजे भूतकाळ. सगळा नाही, त्यातले दोन प्रकार. शाळेत त्यांना पास्ट सिम्पल आणि पास्ट कंटिन्युअस म्हणतात. मराठीच्या पुस्तकात साधा भूतकाळ आणि अपूर्ण भूतकाळ. आपण नावं बाजूला ठेवू. आपल्यासाठी एक आहे ‘केलं’ आणि दुसरं आहे ‘करत होते’.

आता बघा, आपल्या बैठकीत अध्यक्ष विचारतात, “हप्ता भरला का?” एक बाई म्हणते, “भरला.” दुसरी म्हणते, “भरतच होते, तेवढ्यात पाहुणे आले.” सचिव कुणाच्या नावापुढे रक्कम लिहिणार? पहिलीच्या. दुसरीकडे सगळ्या हसून बघणार, कारण सगळ्यांना कळलं की हप्ता काही भरलेला नाही. कुणी व्याकरण शिकवलं होतं तुम्हाला? कुणीच नाही. ‘भरला’ म्हणजे काम झालं, गाठ बसली. ‘भरत होते’ म्हणजे काम चालू होतं, त्याचं पुढं काय झालं ते त्या शब्दात नाही. इंग्रजीत पहिलीचं उत्तर होईल ‘आय पेड’ आणि दुसरीचं होईल ‘आय वॉज पेइंग’. फरक तोच, पैशाचासुद्धा फरक तोच.

आपलं इतिवृत्त आठवा. सगळं ‘केलं’मध्ये असतं. बैठक झाली. बचत जमा केली. कर्ज मंजूर केलं. ठरावावर सह्या घेतल्या. इतिवृत्तात कुणी ‘बचत जमा करत होतो’ असं लिहिलं, तर बँकेतले साहेब विचारतील, मग जमा झाली का नाही? म्हणजे इतिवृत्त लिहिणारी प्रत्येक सचिव पास्ट सिम्पलमध्ये पारंगत आहे. ती ते मराठीत करते, एवढंच.

आता इंग्रजीत याची खूण काय? ‘करत होते’ची खूण सोपी, ती दोन तुकड्यांत असते. आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि नंतर ज्या शब्दाच्या शेवटी ‘इंग’ ऐकू येतं तो शब्द. वॉज कुकिंग, वॉज वॉशिंग, वेअर कटिंग. आपण नाही का म्हणत, ‘करत’ एक तुकडा आणि ‘होते’ दुसरा? फक्त इंग्रजीत ‘होते’ आधी येतं. एकटी असेल तर वॉज, जास्त असतील तर वेअर. मी होते, वॉज. ती होती, वॉज. आम्ही होतो, वेअर. त्या होत्या, वेअर. एक गंमत ‘यू’ची. इंग्रजीत समोरच्याला, एकटा असला तरी, वेअरच लागतं. ‘यू वेअर’. लेकरं इथं ‘यू वॉज’ म्हणतात. त्यांना सांगा, आपण सासऱ्यांना एकटे असले तरी ‘तुम्ही होता’ म्हणतो ना, ‘तू होतास’ म्हणत नाही. इंग्रजीवाले समोरच्या प्रत्येकालाच तसा मान देतात, शेळीलासुद्धा.

‘केलं’ची खूण एका शब्दात असते. बऱ्याच शब्दांच्या शेवटी ‘ड’ किंवा ‘ट’ लागतो. आपल्या मराठीत जसा ‘ल’ लागतो, आला, गेली, धुतलं, तसा. वॉश म्हणजे धुणे, धुतलं म्हणजे वॉश्ट. कुक म्हणजे सैपाक करणे, केला म्हणजे कुक्ट. कॉल म्हणजे हाक मारणे किंवा फोन करणे, केला म्हणजे कॉल्ड. काउंट म्हणजे मोजणे, मोजले म्हणजे काउंटेड. लिहिताना सगळीकडे शेवटी ई-डी असतं, म्हणून लेकरं वाचताना ‘वॉशेड, कुकेड’ असं ओढतात. तसं नाही. वॉश्ट, कुक्ट. काउंट, वॉन्ट असे जे शब्द मुळातच ‘ट’ किंवा ‘ड’वर संपतात, त्यांच्याच पुढं ‘एड’ नीट ऐकू येतं. काउंटेड, वॉन्टेड. हे मोठ्यानं म्हणून घ्या लेकरांकडून. कानाला लगेच कळतं.

आणि काही शब्द असे आहेत की ते नियमच पाळत नाहीत. गो म्हणजे जाणे, गेली म्हणजे वेंट. ईट म्हणजे खाणे, खाल्लं म्हणजे एट. मेक म्हणजे करणे-बनवणे, केलं म्हणजे मेड. ते पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही. आपणही ‘जाणे’चं ‘जाली’ म्हणत नाही, ‘गेली’ म्हणतो. आपली पोरं तीन वर्षांची असताना ‘मी भाकर करली’ म्हणतात, मग हळूहळू ‘केली’वर येतात. इंग्रजीतही तसंच होतं. पोरगी ‘गोड’ म्हणाली तर रागवू नका. तिला नियम कळलाय, फक्त तो शब्द नियमात बसत नाही. आपल्या भागातल्या कामाचा शब्द मात्र फार गुणाचा आहे. कट. कापते, कट. कापला, तरी कट. ऊस कापणाऱ्या बाईचा शब्द आज नि काल सारखाच राहतो. तिचं कामही तसंच असतं म्हणा.

भाकरीवरून आठवलं. मराठीत आपण म्हणतो, मी भाकर केली, मी भात केला, मी वरण केलं, मी पाच भाकरी केल्या. जे केलं त्याच्याप्रमाणे शब्द बदलतो. करणारी बाई आहे का गडी आहे, याला तिथं काही किंमतच नाही. भावानं भात केला, बहिणीनं भात केला. इंग्रजीत हे सगळं एकच, मेड. भाकर असो, भात असो, पाच असोत, मी असो, आम्ही असो, मेड. म्हणजे इंग्रजीचा साधा भूतकाळ आपल्यापेक्षा सोपा आहे. चार-चार रूपं मराठीची ज्या लेकराला येतात, त्याला एक रूप जड का जावं?

आता मुख्य गोष्टीकडे येते. दोन वाक्यं समोर आली तर कुठं ‘केलं’ घालायचं नि कुठं ‘करत होते’, इथं लेकरं अडकतात. वर्गात तक्ते पाठ होतात, पण गोष्ट सांगायची वेळ आली की गोंधळ. मी गावातल्या मुलींसोबत बसते तेव्हा त्यांना दोन मराठी शब्द देते. एक ‘मग’ आणि दुसरा ‘तेवढ्यात’.

उठले, मग सडा टाकला, मग चहा केला, मग धारा काढल्या. एकामागं एक कामं झाली. मधे ‘मग’ बसतो, म्हणजे सगळीकडे साधा भूतकाळ. आय गॉट अप. आय मेड टी. आय मिल्क्ट द काउ. वॉज नाही, इंग नाही, काही नाही.

आता हे ऐका. मी धार काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. इथं ‘मग’ घालून बघा. ‘मी धार काढत होते, मग फोन वाजला.’ कानाला खटकतं. इथं तेवढ्यातच लागतो. तर ‘तेवढ्यात’च्या आधीचं जे लांबलचक काम आहे ते वॉज नि इंगमध्ये, आणि ‘तेवढ्यात’च्या नंतर जे मधेच घुसलं ते साध्या भूतकाळात. आय वॉज मिल्किंग द काउ व्हेन द फोन रँग. आम्ही सोयाबीन काढत होतो, तेवढ्यात पाऊस आला. वी वेअर कटिंग सोयाबीन व्हेन द रेन केम. सोयाबीन काढणं सकाळपासून चाललेलं, पाऊस एकाएकी आलेला. हे दु:ख आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हे वाक्य विसरायचं कारण नाही.

आणि एकाच वेळी दोन कामं चालू असतील तर दोन्हीकडे इंग. मी कापूस वेचत होते, सासूबाई तूर झोडपत होत्या. इथं ‘तेवढ्यात’ नाही, इथं ‘तिकडं’ बसतो. आय वॉज पिकिंग कॉटन, अँड माय मदर-इन-लॉ वॉज थ्रेशिंग तूर. तुरीला इंग्रजीत काय म्हणतात यावरून पोरींनी माझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, तूरच म्हणा, कळतं सगळ्यांना.

आपल्या घाटनांदूरच्या स्टेशनवरचं उदाहरण घेऊ. परळीकडून गाडी येते, लातूर रोडकडं जाते. तुम्ही पिशव्या सांभाळत स्टेशनवर पोचलात. ‘गाडी सुटत होती’ म्हणालात, तर ऐकणारी विचारील, मग मिळाली का? पळालीस का? द ट्रेन वॉज लीव्हिंग. अजून आशा आहे. ‘गाडी सुटली’ म्हणालात, द ट्रेन लेफ्ट, तर ती म्हणेल, अगं अरेरे, मग दुसरी गाडी किती वाजता होती? एका शब्दानं ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न बदलतो.

हे सगळं पोरांच्या परीक्षेपुरतं आहे असं समजू नका. काही काळापूर्वी आपल्याच भागातल्या एका ताईंच्या मालकांना रस्त्यावर अपघात झाला. पायाचं हाड मोडलं. विम्याचा अर्ज करायचा होता. बाजारात टायपिंग करणाऱ्या एका पोराकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. ताईंनी त्याला मराठीत व्यवस्थित सांगितलं होतं, “ते रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात टेम्पोनं धडक दिली.” पोरानं घाईघाईत लिहिलं, ‘ही क्रॉस्ड द रोड. द टेम्पो हिट हिम.’ म्हणजे काय झालं? रस्ता ओलांडला. काम संपलं. माणूस पलीकडं पोचला. मग टेम्पोनं धडक दिली. आता वाचणारा माणूस लांब कुठंतरी बसलाय, त्यानं ना रस्ता पाहिला ना माणूस. त्याला प्रश्न पडणारच, रस्ता ओलांडून झाल्यावर धडक कशी बसली? टेम्पो रस्ता सोडून बाजूला आला का हे गडी परत रस्त्यात गेले? खुलासा मागणारं पत्र आलं, तेही इंग्रजीत. पत्रात एक प्रश्न होता, अपघाताच्या वेळी ते काय करत होते? व्हॉट वॉज ही डूइंग?

ते पत्र त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं वाचलं. तिनं जुन्या अर्जाची प्रत काढली आणि आईला विचारलं, “आई, तू ‘ओलांडला’ म्हणाली होतीस का ‘ओलांडत होते’?” आई म्हणाली, “ओलांडत होते गं, मधोमध होते.” लेकीनं खुलासा लिहिला, ‘ही वॉज क्रॉसिंग द रोड व्हेन अ टेम्पो हिट हिम.’ पैसे त्या एका शब्दासाठीच अडले होते असं मी म्हणणार नाही. दवाखान्याचे दोन कागदही कमी होते, ते गोळा करायला वेळ गेला. पण मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? चूक पकडली कुणी? इंग्रजी येणाऱ्या लेकीनं आणि न येणाऱ्या आईनं मिळून. आईनं ‘मधोमध होते’ म्हटलं नसतं तर लेकीला काय लिहायचं ते कळलंच नसतं.

इथं एक सांगून ठेवते. असा कागद इंग्रजीतच लिहिला पाहिजे अशी सक्ती कुणी केली, तर लगेच घाबरून जाऊ नका. आपल्या राज्याची राजभाषा मराठी आहे, त्याचा कायदा 1964 चा आहे. पोलिसांकडे जबाब मराठीत देता येतो. बँकांनी आपले अर्ज मराठीतही ठेवावेत अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. तेव्हा आधी मराठी अर्ज मागा. आणि इंग्रजीत लिहिलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करायच्या आधी लिहिणाऱ्याला म्हणा, “बाबा, हे मला मराठीत वाचून दाखव.” त्यानं ‘ओलांडला’ असं वाचलं की तिथंच थांबवा.

परक्या भाषेतला कागद आपल्या भागाला नवा नाही. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याच्या आधी इथं निजामाचं राज्य होतं आणि कचेरीची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या आपल्या आजे-पणज्यांचे जमिनीचे कागद उर्दूत निघायचे. आता कागद इंग्रजीत निघतात. वाचून घेणारी माणसं तीच राहिली.

पुण्याच्या रमाबाई रानडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या आठवणींचं पुस्तक 1910 साली आलं. त्या इंग्रजी शिकत होत्या तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोमणे मारले, ते त्यांनी त्यात लिहिलंय. आज आपल्याकडे उलटं झालंय. आजीच म्हणते, नातीला इंग्रजी शाळेत घाला. मराठी शाळेतही 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. माझ्या वयाच्या बायकांना इंग्रजी पाचवीत भेटली, आणि बऱ्याच जणींची सातवीत सुटलीसुद्धा. त्यामुळे पहिलीतल्या लेकराची वही बघून आईला वाटतं, हे माझ्या पुढं गेलं. जाऊ द्या पुढं, पण त्याच्या मागून चालायला काय हरकत आहे?

आता जिथं मराठीची सवय लेकरांना फसवते, त्या जागा सांगते. फार नाहीत.

पहिली जागा फार फसवी. आपण म्हणतो, ‘लहानपणी मी पाटोद्याच्या शाळेत जात होते.’ पोरं लगेच लिहितात, आय वॉज गोइंग टू स्कूल. चूक. का? कारण इथं ‘जात होते’ म्हणजे त्या घडीला रस्त्यानं चाललेली होते असं नाही. रोजची रीत होती. यासाठी एक कसोटी आहे. ‘जात होते’च्या जागी ‘जायचे’ घालून बघा. ‘लहानपणी मी शाळेत जायचे.’ बसतं का? बसतं. मग तिथं इंग नाही. आय वेंट टू स्कूल, किंवा आय यूज्ड टू गो टू स्कूल. आता दुसरं वाक्य घ्या. ‘काल दहा वाजता मी शाळेत जात होते, तेवढ्यात सायकल पंक्चर झाली.’ इथं ‘जायचे’ घालून बघा. ‘काल दहा वाजता मी शाळेत जायचे.’ नाही बसत. मग इथं वॉज गोइंग. ही कसोटी लावायला इंग्रजी कशाला यायला पाहिजे? लेकरू मराठी वाक्य म्हणेल, तुम्ही ‘जायचे’ घालून बघा आणि सांगा. मोठमोठे शिकलेले लोक इथं चुकताना मी पाहिलेत.

दुसरी जागा. ‘मला माहीत होतं’, ‘मला पाहिजे होतं’, ‘माझ्याकडं दोन शेळ्या होत्या’. यात ‘होतं, होत्या’ ऐकून लेकरं वॉज घालतात. आय वॉज नोइंग. आय वॉज हॅविंग टू गोट्स. नाही. माहीत असणं, पाहिजे असणं, जवळ असणं ही काही हातापायानं चालू असलेली कामं नाहीत. माहीत म्हणजे माहीत. आय न्यू. आय वॉन्टेड. आय हॅड टू गोट्स. शेळ्या दोन होत्या, त्यात चालू काय असायचं? हां, चहा घेत होते याला मात्र ‘आय वॉज हॅविंग टी’ चालतं, कारण चहा घेणं हे काम चालू असतं. बश्या खळखळतात.

तिसरी जागा प्रश्नाची आणि नकाराची. आपण म्हणतो, ‘ती गेली नाही’, ‘ती गेली का?’ गेली तसंच राहतं, पुढं ‘नाही’ किंवा ‘का’ लागतो. म्हणून लेकरू लिहितं, शी डिड नॉट वेंट. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळाचा भार तो उचलतो. पाणी आणताना एकीनं दुसरीच्या डोक्यावरचा हंडा घेतला की दुसरीचं डोकं मोकळं होतं ना, तसं. डिडनं हंडा घेतला, वेंट मोकळा झाला, परत गो झाला. शी डिड नॉट गो. डिड शी गो? एका वाक्यात हंडा एकाच डोक्यावर. ‘करत होते’ला मात्र डिड कधीच लागत नाही. शी वॉज नॉट गोइंग. वॉज शी गोइंग?

आणि एक आपली खास सवय. कुणी दारातून हाक मारली की आपण चुलीजवळून ओरडतो, “आले, आले!” आलेलो असतो का आपण? हातात अजून पीठ असतं. मराठीत चालतं ते. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं तर पाहुणा इकडंतिकडं बघेल. तिथं ‘कमिंग’ म्हणायचं.

आता ज्या मैत्रिणी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतात, त्यांच्यासाठी. आपल्या बीड जिल्ह्यातून किती बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात, हे मी तुम्हाला सांगायला नको. लेकरं एक तर सोबत जातात, नाही तर आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. चार-सहा महिने अभ्यास कोण बघणार? आजीचे डोळे अधू, शाळेतल्या मॅडमच्या वर्गात पोरं किती. मागच्या हंगामात आमच्या एका गटातल्या बाईनं एक सोपी गोष्ट चालू केली. तिची लेक सातवीत, आजीजवळ. ही रोज रात्री फडावरून कोपीवर आली की फोन करायची. जेवलीस का, आजीला औषध दिलं का, हे झालं की दोन प्रश्न ठरलेले. “आज काय काय केलंस?” आणि “मी फोन केला तेव्हा काय करत होतीस?”

लेकीनं दोन्हींची उत्तरं इंग्रजीत द्यायची. पहिल्याची तीन वाक्यं, दुसऱ्याचं एक. टुडे आय वॉश्ट माय ड्रेस. आय वेंट टू स्कूल. आय मेड भाकरी फॉर आजी. आणि, आय वॉज रीडिंग व्हेन यू कॉल्ड. आईला इंग्रजी येत नाही. पण तिनं दोनच गोष्टी ऐकायच्या ठरवल्या होत्या. पहिल्या तीन वाक्यांत कुठं ‘इंग’ ऐकू आलं तर म्हणायचं, “थांब, हे झालं होतं का चालू होतं?” आणि शेवटच्या वाक्यात ‘इंग’ ऐकू आलं नाही तर तेच विचारायचं. लेक स्वत:च दुरुस्त करायची. एकदा लेक म्हणाली, “आय वॉज ईटिंग व्हेन यू कॉल्ड.” आई म्हणाली, “आठ वाजले, इतका उशीर का जेवायला?” तर कळलं, की आजीला दिवसभर ताप होता आणि पोरीनं एकटीनं सगळं केलं होतं. ते तिनं आधी सांगितलं नव्हतं. मग शेजारच्या काकूंना फोन गेला, दुसऱ्या दिवशी आजीला दवाखान्यात नेलं.

मार्चमध्ये ती बाई परत आली, तेव्हा लेकीच्या वहीत अशी तीनशेवर वाक्यं होती. फोनवर बोललेली ती झोपायच्या आधी लिहून ठेवायची. शेवटी-शेवटी तर लेकच आईला विचारायला लागली होती, “आई, व्हॉट डिड यू डू टुडे?” आई म्हणायची, “कट.” लेक म्हणायची, “पूर्ण वाक्य सांग.” “वी कट केन.” हे मला त्या बाईनं सांगितलं तेव्हा बैठकीतल्या सगळ्या हसल्या, आणि दोघींनी डोळे पुसले.

यासाठी मोठा फोन नको, क्लासची फी नको. मुलगी घरीच असेल तर फोनही नको, भाकरी करता करता विचारा. मुलगा असेल तर त्यालाही विचारा. त्यानं सैपाकातलं काही केलंच नसेल, तर तेही त्या उत्तरांतून बाहेर पडेल.

गटांसाठी माझी एक विनंती. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढा. शाळेत जाणाऱ्या एका मुलीला बोलवा आणि त्या दिवशीच्या इतिवृत्तातली पाच वाक्यं तिला इंग्रजीत सांगायला लावा. वी मेट. वी सेव्ह्ड. वी काउंटेड द मनी. बैठक चालू असताना कुणी मधेच आलं असेल, तर एक ‘तेवढ्यात’चं वाक्यही मिळेल. वी वेअर काउंटिंग द मनी व्हेन द सरपंच केम. पैसे मोजत असताना कुणी ना कुणी येतंच, याचा अनुभव सगळ्यांना आहे.

ज्या गटांकडून अशी वाक्यं येतील ती पुढच्या भागात मी वाचून दाखवणार आहे. कागदावर लिहून गटाच्या सचिवाकडे द्या, मी बैठकीला येते तेव्हा घेऊन जाईन. आणि ‘गाडी सुटली होती’ याचं इंग्रजी आज राहिलं, ‘केलं होतं’, ‘गेली होती’ हा आणखी एक प्रकार आहे. तो पुढच्या वेळी, पेरणीची कामं जरा उरकली की घेऊ. नमस्कार.